आवारातली मांजरं: आधी कोणाला उचलायचं, कोणाला तिथंच राहू द्यायचं

ठाण्यातल्या एका जुन्या सोसायटीत राहणाऱ्या ताईंनी विचारलं आहे: "आमच्या आवारात सात-आठ मांजरं आहेत. संध्याकाळी मी त्यांना खायला घालते. चार दिवसांपूर्वी दुसऱ्या मजल्यावरचे भाडेकरू घर सोडून गेले आणि त्यांची दोन मांजरं जिन्यातच टाकून गेले. त्यातला एक लांब केसांचा पर्शियन बोका आहे. त्यातच एका मांजरीनं मीटरच्या खोलीत पिल्लं घातली आहेत. कमिटी म्हणते, सगळी पोत्यात भरून मासळी बाजारात सोडा, तिथं त्यांचं पोट भरेल. मी एकटी काय काय करू आणि सुरुवात कुठून करू?"

ताई, सुरुवात कुठून करू हाच यातला खरा प्रश्न आहे. मी जनावरांची डॉक्टर आहे आणि रस्त्यावरच्या मांजरांच्या शस्त्रक्रिया हा माझ्या कामाचा मोठा भाग आहे. मांजरांवर जीव लावणारी माणसं कमी नाहीत, तरी मांजरं दगावतात, आणि बऱ्याचदा त्याचं कारण म्हणजे कामाचा चुकलेला क्रम. जे मांजर आजच्या आज उचलायला हवं ते "बघू उद्या" म्हणत जिन्यात राहतं, आणि ज्या पिल्लांना हातही लावायला नको ती आईपासून उचलून खोक्यात घालून दवाखान्यात आणली जातात. तेव्हा आवारातल्या सगळ्या मांजरांचा एकगठ्ठा विचार करू नका. तुमच्याकडे तीन वेगळी प्रकरणं आहेत.

पहिलं प्रकरण त्या दोन टाकून दिलेल्यांचं, आणि ते आजचं आहे. घरात वाढलेल्या मांजराला बाहेर अन्न शोधता येत नाही हे लोकांना कळतं. पण भेदरलेलं मांजर समोर ठेवलेलंसुद्धा खात नाही, हे लक्षात येत नाही. ते बंद दारापाशी बसून राहतं नाहीतर जिन्याखालच्या अडगळीत शिरतं. तीन-चार दिवस पोटात काही गेलं नाही की अंगातली चरबी यकृतात साठू लागते, यकृताचं काम मंदावतं आणि मग खाण्याची इच्छाच मरते. अंगानं भरलेल्या, लाडात वाढलेल्या मांजरांना हा धोका सर्वात जास्त. हिरड्या किंवा कानाची आतली कातडी पिवळसर दिसली तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. यातून मांजर वाचतं, पण आठवडेच्या आठवडे नळीनं भरवावं लागतं. म्हणून तुमचा पर्शियन बोका आज रात्री कोणाच्या तरी घरात, निदान एखाद्या रिकाम्या न्हाणीघरात तरी असायला हवा. सोबत शी-शूसाठी एक ट्रे, पाणी, आणि वासाचं काहीतरी कोमट खाणं ठेवा. तुमच्या घरी आधीचं मांजर असेल तर दोन आठवडे दोघांची भेट होऊ देऊ नका.

त्याच्या केसांच्या गाठी कात्रीनं कापायला जाऊ नका. गाठीत कातडी ओढली गेलेली असते आणि केसांबरोबर ती कापली जाते. दवाखान्यात मशीननं भादरून घ्या. पावसाळ्यात त्या गाठींखाली जखमा होतात, त्यात अळ्या पडतात, आणि वरून काहीच दिसत नाही.

भाडेकरूंना आधी फोन करा, शांतपणे. कधीकधी नव्या घरमालकानं नकार दिलेला असतो, आणि माणसं लाजेपोटी असं करून बसतात. मांजर परत नेणार नसतील तर निदान त्याचं वय, लसी आणि नसबंदी झाली का हे तरी कळेल. तरीही हे स्पष्ट सांगते, पाळलेलं जनावर उपाशी मरेल अशा स्थितीत टाकून देणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ खाली गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड जास्तीत जास्त ५० रुपये, म्हणून कोणी त्याची धास्ती घेत नाही. ही रक्कम इतकी वर्षं तशीच आहे याचा मला मनापासून राग येतो.

बाकीच्या सात-आठांत आणखी कोणी असंच टाकलेलं आहे का, तेही बघून ठेवा. माणसांत वाढलेलं मांजर शेपटी उभी करून पायात येतं, डोळ्यांत बघतं, तुमच्याशी म्यांव करून बोलतं. रस्त्यावर जन्मून मोठं झालेलं मांजर माणसासमोर बहुधा गप्पच असतं आणि हातभर अंतर राखतं. अशा मोठ्या मांजराला दया येऊन फ्लॅटमध्ये कोंडणं म्हणजे त्याचे हाल करणं आहे. त्याचं घर तुमचं आवार आहे, ते तिथंच बरं.

दुसरं प्रकरण मीटरच्या खोलीतल्या बाळंतिणीचं. इथं मुख्य काम म्हणजे लांब राहणं. पिल्लं एकटी दिसली म्हणून आई सोडून गेली असं होत नाही. ती पोट भरायला गेलेली असते, आणि खोलीच्या तोंडाशी माणसं उभी असतील तर ती परतच येत नाही. पिल्लं गप्प पडून असतील आणि पोटं गोल असतील तर आई येते आहे. खात्री करायची असेल तर वाटेवर चिमूटभर कणीक भुरभुरून ठेवा, सकाळी पावलं उमटलेली दिसतील. मांजर पिल्लांना सात घरं फिरवते असं आपल्याकडे म्हणतात. ती फिरवते ती बोक्याच्या भीतीनं, वासानं, किंवा रोज कोणी डोकावून बघतं म्हणून. मीटरच्या खोलीत तारा आहेत आणि पावसात पाणी शिरतं, तेव्हा ती हलावी असं तुम्हालाही वाटणारच. त्यासाठी जवळच्या कोरड्या कोपऱ्यात, जमिनीपासून वीतभर उंचीवर, आडवं खोकं जुनी चादर घालून ठेवा. पटलं तर ती स्वतःच पिल्लं तोंडात धरून नेईल. तोवर तिला दिवसातून दोनदा भरपूर खाऊ घाला. पाजणाऱ्या मांजरीची भूक दुपटीच्या वर जाते.

पिल्लं सतत रडत असतील, अंगाला गार लागत असतील आणि आईचा पत्ताच नसेल, तरच ती उचला. आणि उचलल्यावर पहिलं काम दूध पाजायचं नाही, ऊब द्यायची. गार पडलेल्या पिल्लाचं आतडं काम करत नाही. पोटात गेलेलं दूध तिथंच नासतं किंवा फुप्फुसात जातं. बाटलीत गरम पाणी भरून ती फडक्यात गुंडाळून शेजारी ठेवा, पिल्लू ऊबदार होऊन वळवळू लागलं की मग भरवा. गाईचं दूध नको, त्यानं जुलाब होतात आणि एवढ्याशा जिवाला एका दिवसाचे जुलाबही पुरतात. मांजराच्या पिल्लांसाठीची दुधाची पावडर दवाखान्यात किंवा पेट शॉपमध्ये मिळते. पाजताना पिल्लू पालथं, पोटावर हवं. तान्ह्या बाळासारखं उताणं धरून पाजल्यानं न्यूमोनिया झालेली पिल्लं प्रत्येक हंगामात येतात. पहिल्या आठवड्यात दर दोन-तीन तासांनी पाजायचं, रात्रीसुद्धा. आणि प्रत्येक वेळी ओल्या कोमट कापसानं शेपटीखाली हलकेच पुसायचं, कारण तीन आठवड्यांपर्यंत पिल्लाला स्वतःहून शी-शू होत नाही, आई चाटून करवते. स्वयंपाकघरातल्या काट्यावर रोज वजन करा. जन्मतः साधारण १०० ग्रॅम, आणि रोज दहाएक ग्रॅमची वाढ. एक दिवस वजन वाढलं नाही तर सावध व्हा, घटलं तर डॉक्टर.

तिसरं प्रकरण नसबंदीचं. ताई, हे स्पष्टच बोलते. नसबंदी न करता नुसतं खाऊ घालत राहिलात तर वर्षाच्या आत तुमच्या हातून ते आवार निसटेल. मांजर पाचव्या-सहाव्या महिन्यात, कधी चौथ्यातच माजावर येते. साधारण ६३ ते ६५ दिवसांत पिल्लं होतात. त्यांना पाजत असतानाच ती पुन्हा गाभण राहू शकते. थंड देशांत दिवस लहान झाले की मांजरांचा माज थांबतो, आपल्याकडे हिवाळ्यातही ऊन भरपूर, त्यामुळे तसा खंड जवळजवळ पडतच नाही. तुम्ही घातलेल्या चांगल्या अन्नानं जास्त पिल्लं जगतात, मग एक पावसाळा येतो आणि साथीत एकदम सगळी जातात.

काही ठिकाणी मांजरींना अन्नातून गर्भनिरोधक गोळ्या देतात. कृपा करून देऊ नका. त्या संप्रेरकांमुळे गर्भाशयात पू होतो, स्तनात गाठी होतात. अशा मांजरी टेबलावर येतात तेव्हा पोट उघडल्यावर पुढचं काम फार कठीण असतं.

मुंबई-पुण्यासारख्या शहरांत महापालिका प्राणिसंस्थांमार्फत मांजरांची नसबंदी करतात. तुमच्या महापालिकेच्या पशुवैद्यकीय विभागात आणि जवळच्या प्राणिसंस्थेत आधी चौकशी करा, पिंजरेही बहुधा तिथूनच मिळतात. तारीख मिळाली की एकेक मांजर सुटंसुटं न नेता, आठवड्या-दोन आठवड्यांत आवारातली सगळी पकडायची. एक भाटी, म्हणजे मादी मांजर, सुटली आणि बाहेरून एक बोका आला की पुन्हा पहिल्यापासून.

पकडण्याची तयारी हे अर्ध्याहून जास्त काम आहे. आठवडाभर आधी खाण्याची वेळ एकच करून टाका, समजा संध्याकाळी सात. मग पिंजरा दार बांधून उघडा ठेवा आणि ताटली रोज थोडी थोडी आत सरकवा. तळाला वर्तमानपत्र अंथरा, पायाला जाळी टोचली की मांजर मागे फिरतं. पकडायच्या आदल्या दिवशी मोठ्यांना खाऊ घालू नका, आणि ही गोष्ट आवारातल्या प्रत्येक खाऊ घालणाऱ्याला सांगा. चौथ्या मजल्यावरच्या आजोबांनी दुपारी मायेनं भात टाकला की सगळी मेहनत वाया. आमिष म्हणून उकडलेला बांगडा चालतो, पण भाजलेल्या सुकटीच्या वासाला तोड नाही. मांजर आत गेलं, दार पडलं, की त्याच क्षणी पिंजऱ्यावर चादर टाका. अंधार झाला की ते शांत होतं. उघडं राहिलं तर जाळीवर नाक घासून रक्तबंबाळ करून घेतं. हातानं, टॉवेलनं, पोत्यानं पकडायचा प्रयत्न करू नका. पिंजऱ्याला न फसणारं एखादं मांजर असतंच. त्याच्यासाठी काठीवर टेकवलेला मोठा जाळीचा खोका आणि लांब दोरी वापरा, खाण्यात डोकं घातलं की दोरी ओढायची.

चार महिन्यांच्या वरचं, दोनेक किलोचं पिल्लू शस्त्रक्रियेला तयार असतं, पण त्याला मोठ्यांसारखं रात्रभर उपाशी ठेवायचं नाही, साखर उतरते. मीटरच्या खोलीतल्या बाळंतिणीला पिल्लं सहा ते आठ आठवड्यांची होऊन खायला लागल्यावर न्या. ती चुकून आधीच पिंजऱ्यात आली तर डॉक्टरांना पाजणारी आहे असं सांगा. कुशीतून छेद घेऊन शस्त्रक्रिया करता येते आणि शुद्धीवर आल्यावर लवकर पिल्लांकडे सोडता येतं. भूल असतानाच डाव्या कानाचं टोक साधारण सेंटिमीटरभर सरळ कापून घ्यायला सांगा. बघायला वाईट वाटतं, मांजराला त्याचा त्रास होत नाही, आणि पुढं दहा वर्षं लांबूनच कळतं की हिचं झालेलं आहे. नाहीतर तीच मांजर दुसरा कोणीतरी पुन्हा पकडून नेतो, पुन्हा भूल, पुन्हा पोट उघडणं. कानात नुसती खाच नको. भांडणांत बोक्यांच्या कानाला खाचा पडतच असतात.

शस्त्रक्रियेनंतर बोका एक दिवस आणि भाटी दोन-तीन दिवस पिंजऱ्यात ठेवा. पाऊस लागून असेल तर आणखी. भुलीतून उठताना मांजराचं अंग गार पडतं, म्हणून खाली जाड चादर हवी. मान सावरून नीट बसेपर्यंत खायला देऊ नका. शिवाय नसबंदी झालेला बोका काही आठवडे गाभण करू शकतो, तेव्हा महिन्याभरात एखादी भाटी गाभण दिसली तर शस्त्रक्रिया फसली असं समजू नका. जिथून पकडलं, तिथंच सोडा.

आता कमिटीच्या मासळी बाजाराबद्दल. मांजर मारलं की मोठं पाप लागतं म्हणून मारायचं नाही, मग पोत्यात घालून लांब सोडायचं, ही पद्धत जुनी आहे. पोत्यात तोंड बांधल्यावर काही गुदमरूनच जातात. उरलेल्यांना बाजारातले आधीचे बोके फाडतात, किंवा ती आपल्या जागेकडे परत यायला निघतात आणि गाडीखाली येतात. इकडे तुमच्या आवारातला उघडा कचऱ्याचा डबा तसाच असतो, मग शेजारच्या गल्लीतली नवी, नसबंदी न झालेली मांजरं रिकाम्या जागेत येतात. म्हणजे कमिटीलाही काही मिळत नाही. सभेत हेच सांगा. आणि तक्रारी नीट ऐकून घ्या, कारण त्या बहुतेक खऱ्या असतात. जिन्यातला उग्र वास बोक्यानं मारलेल्या लघवीच्या फवाऱ्याचा आहे. रात्रीचं रडणं, जे ऐकून लोकांना अपशकुन वाटतो, ते माजाचं आणि भांडणाचं आहे. दोन्ही नसबंदीनंतर काही आठवड्यांत जवळपास बंद होतात. वाद घालण्यापेक्षा सभेत शस्त्रक्रियेची तारीख सांगा, ती जास्त उपयोगी पडते. सोसायटीतल्या मोकळ्या प्राण्यांना खायला घालायची जागा आणि वेळ ठरवून देणं ही रहिवासी संघटनेची जबाबदारी आहे, असं २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांत आहे. ते नियम मुख्यतः कुत्र्यांसाठी असले तरी ही तरतूद त्यात आहे. विष घालायची भाषा झाली तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३२५ दाखवा. जनावर मारणं, विष घालणं किंवा अपंग करणं याला पाच वर्षांपर्यंत कैद आहे.

तुमच्या बाजूनंही शिस्त हवी. जिन्यात, गाड्यांजवळ, मुलांच्या खेळायच्या जागी खाऊ घालू नका. मागच्या भिंतीपाशी एक जागा धरा, अर्ध्या तासानं ताटल्या उचला, म्हणजे उंदीर-कावळे येत नाहीत. मांजराला मांस लागतंच. नुसत्या दूध-भातावर किंवा कुत्र्याच्या खाण्यावर टॉरिन हे मांसातून मिळणारं पोषकद्रव्य कमी पडतं आणि डोळे नि हृदय निकामी होतात. उकडलेलं, हाड काढलेलं चिकन किंवा मासा थोड्या भातात कालवून द्या, नाहीतर मांजरांचं कोरडं खाणं आणि भरपूर पाणी. कांदा-लसणाचा रस्सा अजिबात नको, त्यानं रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. पावसात आणि थंडीत वॉचमनला एक सवय लावा: गाडी काढण्यापूर्वी बॉनेटवर दोनदा थाप मारायची, कारण मांजरं आडोशाला इंजिनापाशी शिरून बसतात.

घरगुती उपायांनी मेलेली मांजरं इतकी बघितली आहेत की हे चार शब्द नीट वाचा. पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा मांजराला मारू शकते, ताप वाटला तरी देऊ नका. मांजराच्या यकृताला ते औषध आणि फिनाईलसारखी रसायनं नीट मोडताच येत नाहीत. जिना फिनाईलनं पुसला की मांजर त्यावरून चालतं आणि पंजे चाटतं, म्हणून सफाईवाल्या मावशींशी बोलून साबणाचं पाणी वापरायला लावा. कुत्र्यांच्या गोचिडांची पावडर किंवा मानेवर सोडायचे थेंब मांजराला लावले की झटके येतात. खरजेवर रॉकेल चोळू नका. कानाच्या कडेपासून सुरू होऊन तोंडावर पसरणारी जाड खपली ही खरूज असते आणि मानेवर टाकायच्या योग्य थेंबांनी ती सहज बरी होते. पिल्लाचे डोळे चिकटले तर उकळून कोमट केलेल्या पाण्यानं पुसा आणि त्याच दिवशी दाखवा. घरातले माणसाचे स्टेरॉइडचे थेंब घातले तर बुबुळावरचा व्रण फुटून डोळा कायमचा जातो. आणि बोका वारंवार लघवीला बसतो पण थेंबही पडत नाही, ओरडतो, असं दिसलं तर तासांचा प्रश्न आहे. लघवी तुंबून दोन-तीन दिवसांत मृत्यू येतो.

एखादं पिल्लू अचानक मलूल झालं, उलट्या, रक्ताचे जुलाब, पाण्याच्या भांड्यावर मान टाकून बसलं, तर पॅनल्यूकोपेनिया हा मांजरांचा जीवघेणा साथीचा आजार धरून चाला. याचा विषाणू त्या जागेत वर्षभर टिकू शकतो. साध्या फिनाईलवर भरवसा नको. जागा धुऊन, एक भाग ब्लीच आणि ३२ भाग पाणी असं मिश्रण दहा मिनिटं ठेवून पुन्हा धुवा, आणि मांजरांना त्या वेळी लांब ठेवा. त्या जागी लस न झालेलं नवं पिल्लू आणू नका. आठव्या आठवड्यापासून एकत्रित लस, तीन-चार आठवड्यांनी पुन्हा, आणि बाराव्या आठवड्यानंतर रेबीजची.

रेबीज मांजरांनाही होतो. ओरखडा किंवा चावा झाला तर साबण आणि वाहत्या पाण्यानं पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात लस सुरू करा, मांजर ओळखीचं असलं तरी. सोसायटीत कोणी गरोदर असेल तर तिनं मांजराच्या विष्ठेला हात लावू नये, एवढी काळजी पुरते. मांजरं हाकलण्याची गरज नाही.

पर्शियन बोका, त्याचा जोडीदार आणि मीटरच्या खोलीतली पिल्लं यांना घरं मिळू शकतात. पिल्लांना माणसाची सवय लागायचं वय दुसऱ्या ते सातव्या आठवड्यात असतं, म्हणून डोळे उघडून ती हिंडू लागली की आई खात असताना रोज थोडा वेळ त्यांना हाताळा, आणि आठ आठवड्यांनंतर शक्यतो जोडीनं द्या. घर द्यायच्या आधी त्यांच्या घरी जाऊन खिडक्या बघा. सरकत्या काचेला जाळी नसेल तर कबुतरामागे झेप घेऊन मांजर खाली पडतं, त्यामुळे जाळी बसेपर्यंत मांजर द्यायचं नाही, समोरचा कितीही ओळखीचा असो. घर भाड्याचं असेल तर मालकाची परवानगी स्वतः विचारा. मोठी मांजरं नसबंदी करूनच द्या. लहान पिल्लांच्या बाबतीत नसबंदीची तारीख आधीच ठरवून लिहून घ्या आणि त्या दिवशी फोन करा.